रुग्णालयाचा दुसरा हिशेब : शल्यविशारद टॉमस वॅकली
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या या समारंभात दरवर्षी हिशेब सादर होतो. किती देणगी आली, किती खाटा वाढल्या, किती रुग्णांवर विनामूल्य उपचार झाले, शिल्लक किती राहिली, हे सर्व आपणांसमोर ठेवले जाते. लेखापरीक्षकांची सही त्याखाली असते. एका पैचाही घोळ नाही, हे ऐकून आपणां सर्वांना समाधान वाटते आणि ते वाटणे योग्यही आहे. आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही ठरविले की, याच हिशेबाच्या निमित्ताने एका माणसाची ओळख आपणांस करून द्यावी. धर्मादाय रुग्णालयाने पैशाच्या हिशेबाबरोबर आणखी एक हिशेब द्यावयास हवा, असे त्याने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ठणकावून सांगितले होते. त्याचे नाव टॉमस वॅकली. तो इंग्लंडमधील शल्यविशारद. त्याने स्वतःच्या हाताने शस्त्रक्रिया फारशा केल्या नाहीत. परंतु इतरांच्या शस्त्रक्रिया बंद दाराआड राहू दिल्या नाहीत.

टॉमस वॅकलीचा जन्म ११ जुलै १७९५ रोजी डेव्हन परगण्यातील मेंबरी या खेड्यात झाला. वडील शेतकरी. अकरा भावंडांत हा सर्वांत धाकटा. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो प्रथम टॉन्टन गावी एका औषधविक्रेत्या वैद्याकडे उमेदवारीस राहिला आणि १८१५ साली लंडनला आला. तेथे सेंट टॉमस आणि गाइज ही दोन रुग्णालये जवळजवळ होती व त्यांचे अध्यापन एकत्र चाले. तेथे शिकून १८१७ साली तो शल्यविशारदांच्या रॉयल कॉलेजचा सदस्य झाला.

यांपैकी गाइज रुग्णालयाची जन्मकथा आपल्या देणगीदारांस विशेष आवडेल. टॉमस गाय नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने आपल्या संपत्तीतून ते उभारले. इमारत पूर्ण होत असतानाच १७२४ च्या डिसेंबरात तो वारला आणि पुढच्याच महिन्यात रुग्णालयाचे दार गरिबांसाठी उघडले. मृत्युपत्राने त्याने दोन लाख पौंडांहून अधिक रक्कम या कामी ठेवली होती. एका व्यापाऱ्याच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या त्या वास्तूत शंभर वर्षांनी काय चालले होते, हे आता पाहावयाचे आहे.

त्या काळी लंडनच्या मोठ्या रुग्णालयांतील शल्यविशारदांचे खरे उत्पन्न दोन वाटांनी येई. एक खाजगी रुग्णांकडून आणि दुसरे विद्यार्थ्यांच्या शुल्कातून. रुग्णालयातील पद म्हणजे प्रतिष्ठेची गुरुकिल्लीच. ते पद बहुधा कोणास मिळे? ज्येष्ठांच्या पुतण्यांस, भाच्यांस, जावयांस आणि मोठी रक्कम मोजून त्यांच्याकडे उमेदवारीस राहिलेल्या शिष्यांस. खेड्यातून आलेला हुशार, पण निर्धन विद्यार्थी शुल्क भरी, गर्दीत मागे उभा राही आणि जे दिसेल तेवढे पाही. शस्त्रक्रियागृहात चढत्या पायऱ्यांच्या बाकांवर प्रेक्षक बसत, मध्यभागी लाकडी टेबल असे आणि त्यावर जागा माणूस. भूल देण्याचा शोध अद्याप लागावयाचा होता; ईथरचा उपयोग १८४६ मध्ये सुरू झाला. म्हणूनच शल्यविशारदाच्या कौशल्यात वेगाला सर्वांत अधिक मोल होते. प्रत्येक मिनिटाची किंमत रुग्ण आपल्या वेदनेने मोजत असे.

वॅकलीने लंडनच्या मध्यवस्तीत, आर्गाइल स्ट्रीटवर, आपला व्यवसाय मांडला. १८२० च्या फेब्रुवारीत एलिझाबेथ गुडचाइल्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला. तिचे वडील सेंट टॉमस रुग्णालयाचे एक गव्हर्नर, म्हणजे आपल्या भाषेत विश्वस्त होते. सर्व काही सुरळीत होते. पण ऑगस्टमधील एका रात्री काही अज्ञात इसम त्याच्या घरी आले, त्यांनी त्याला जबर मारहाण केली आणि घर पेटवून दिले. त्यामागे एक अफवा होती. त्याच वर्षी मंत्रिमंडळाच्या हत्येचा कट रचल्याबद्दल पाच जणांना फाशी देण्यात आली होती आणि नंतर एका बुरखाधारी माणसाने त्यांची शिरे धडावेगळी केली होती. हे काम ज्या सफाईने झाले, त्यावरून तो कोणी शल्यविशारद असावा असा तर्क निघाला आणि कोणीतरी वॅकलीचे नाव घेतले. या कुजबुजीत काडीचेही तथ्य नव्हते. विमा कंपनीने तर वॅकलीनेच स्वतःचे घर जाळले असा आरोप करून पैसे नाकारले. त्याने दावा लावला आणि १८२१ साली त्याला १,२०० पौंडांची संपूर्ण रक्कम मिळाली. परंतु घर गेले ते गेले आणि जम बसलेला व्यवसायही मोडला.

माणसे अशा प्रसंगी खचतात किंवा कडवट होतात. वॅकलीने यातून एक गोष्ट उचलली. बंद दाराआडची कुजबुज माणसाचे घर जाळू शकते. उघड्या न्यायालयातला पुरावा त्याला न्याय मिळवून देऊ शकतो. त्याच्या पुढील आयुष्याकडे पाहिले म्हणजे असे वाटते की, हा धडा तो कधीच विसरला नाही.

५ ऑक्टोबर १८२३ रोजी त्याने एक साप्ताहिक सुरू केले. किंमत सहा पेन्स. नाव ठेवले ‘द लॅन्सेट’. लॅन्सेट म्हणजे गळू फोडण्याचे धारदार शस्त्र. इंग्रजीत उंच, निमुळत्या कमानीच्या खिडकीलाही हाच शब्द लावतात. पू बाहेर काढावयाचा आणि प्रकाश आत घ्यावयाचा, अशी दोन्ही कामे त्या एका नावात सामावली होती. पहिल्या काळात या पत्रात नाटकांविषयीचा मजकूर आणि बुद्धिबळाचे डावही असत. परंतु खरे आकर्षण होते ते मोठ्या रुग्णालयांतील व्याख्यानांचे आणि तेथील रुग्णांच्या हकिकतींचे. पहिल्याच अंकात सर ॲस्टले कूपर यांचे व्याख्यान छापले होते. कूपर हे त्या काळचे लंडनमधील सर्वांत नामवंत शल्यविशारद आणि स्वतः वॅकलीचे गुरू. व्याख्याने परवानगीवाचून छापली जात होती. असे सांगतात की, हे कोण करतो याचा माग काढीत कूपर एके दिवशी वॅकलीच्या घरी येऊन थडकले, तेव्हा हा त्यांच्याच व्याख्यानाची मुद्रिते तपासत बसला होता. दोघांनाही हसू आवरेना. आपले नाव घालू नये एवढ्या अटीवर कूपर यांनी संमती दिली.

सर्वच गुरू एवढ्या मोठ्या मनाचे नव्हते. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील जॉन ॲबरनेथी यांनी न्यायालयात धाव घेतली. व्याख्यान ही आपली मालमत्ता आहे, असे त्यांचे म्हणणे. वॅकलीचे उत्तर असे की, सार्वजनिक रुग्णालयातील पदावरून जे शिकविले जाते, ते सार्वजनिक आहे. १८२५ साली ॲबरनेथी यांना मनाईहुकूम मिळाला. पण त्याच वर्षी तो उठविण्यातही आला. दूरच्या परगण्यांत काम करणाऱ्या वैद्यांना आता सहा पेन्समध्ये लंडनचे ज्ञान घरपोच मिळू लागले.

व्याख्यानांपर्यंत ठीक होते. पण वॅकली त्यापुढे गेला. रुग्णालयांत घडलेल्या शस्त्रक्रियांचे वृत्तांत त्याने छापावयास आरंभ केला. कोणावर, कोणी, कशासाठी शस्त्रक्रिया केली, किती वेळ लागला आणि रुग्णाचे पुढे काय झाले, ते सारे. यशस्वी झालेल्या तशाच अयशस्वी झालेल्याही. रुग्णालयांतून त्याच्या वार्ताहरांना हुसकून लावण्यात आले. तरीही वृत्तांत येत राहिले, कारण बाकांवर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोण लिहितो आहे, हे कळणार कसे?

अशातच १८२८ च्या मार्च महिन्यात गाइज रुग्णालयात स्टीफन पोलार्ड नावाचा एक रुग्ण दाखल झाला. वय ५३ वर्षे. ससेक्सकडचा कष्टकरी, पोराबाळांचा बाप. मूत्राशयात खडा. त्यावर शस्त्रक्रिया करावयाची होती ब्रॅन्स्बी कूपर यांनी. हे सर ॲस्टले यांचे सख्खे पुतणे. त्या शस्त्रक्रियेत रुग्णाचे हात पायांशी बांधून त्याला पाठीवर निजवीत, खालून छेद घेऊन मूत्राशयापर्यंत वाट करीत आणि चिमट्याने खडा ओढून काढीत. सराईत हाताला या कामी काही मिनिटे पुरत. पोलार्ड जवळजवळ एक तास त्या अवस्थेत बांधलेला होता. हत्यारे एकामागून एक आत जात होती आणि खडा सापडत नव्हता. शल्यविशारदाचा धीर सुटला. आपले बोट पुरत नाही, तर कोणाचे बोट अधिक लांब आहे, अशी विचारणा त्या भरल्या सभागृहात झाली, असे वृत्तांतात नमूद आहे. रुग्ण पुनःपुन्हा विनवीत होता की, खडा राहू द्या, पण मला सोडा. अखेर खडा निघाला. दुसऱ्या दिवशी पोलार्ड मरण पावला.

‘द लॅन्सेट’ने हा सारा प्रसंग छापला आणि स्पष्ट प्रश्न विचारला. ज्याच्या हाती हे काम दिले गेले, ते त्याच्या कौशल्यामुळे की त्याच्या नात्यामुळे? ब्रॅन्स्बी कूपर यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावून २,००० पौंडांची मागणी केली. डिसेंबर १८२८ मध्ये खटला चालला. वॅकलीने स्वतः उभे राहून आपली बाजू मांडली. ज्यूरीने निकाल कूपर यांच्या बाजूने दिला, पण नुकसानभरपाई ठरविली अवघी १०० पौंड. वॅकलीचा खर्च लोकांनी वर्गणी काढून भागविला. कायद्याने तो हरला होता. पण रुग्णालयात काय घडते हे विचारण्याचा जनतेला अधिकार आहे, ही गोष्ट त्या दिवसापासून पुसता येईना.

येथे आपण क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. कारण सांगणाऱ्याने सोयीचे तेवढेच सांगू नये. वॅकली हा काही संत नव्हता. त्याची लेखणी अनेकदा बेलगाम होई. प्रतिपक्षाला तो टोपणनावे ठेवी, टर उडवी. पोलार्डच्या मृत्यूचा वृत्तांत त्याच्या पत्राने नाटकाच्या रूपात, अंक आणि संवाद पाडून छापला होता. एका गरीब माणसाच्या मरणयातनेचे नाटक करावे, हे आमच्या मनाला आजही रुचत नाही. ब्रॅन्स्बी कूपर हे दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांचा हात त्या दिवशी अडखळला. ज्याने ज्याने हातात शस्त्र धरले आहे, त्याच्या वाट्याला असा दिवस कधी ना कधी आलेला आहे. जो शल्यविशारद ‘माझ्या हातून कधी चूक झाली नाही’ असे म्हणतो, त्याने एक तर शस्त्रक्रिया फारच थोड्या केल्या असाव्यात किंवा रुग्ण घरी गेल्यावर त्यांची विचारपूस केली नसावी.

म्हणून वॅकलीकडून घ्यावयाचे ते त्याची जीभ नव्हे, तर त्याचा प्रश्न. चूक झाली हा गुन्हा नव्हे. ती भिंतीआड पुरली जाते आणि तीच पुन्हा दुसऱ्या रुग्णाच्या वाट्यास येते, हा दोष आहे. ज्यांच्या पैशावर ती भिंत उभी आहे, त्यांना आत काय झाले हे विचारता येत नाही, हाही दोषच आहे.

आणि हा प्रश्न तो केवळ शत्रूंना विचारीत नसे. डॉ. जॉन एलियट्सन हे लंडनमधील नामांकित वैद्य आणि वॅकलीचे स्नेही. ते संमोहनासारख्या एका उपचारपद्धतीच्या नादी लागले. अदृश्य चुंबकीय शक्ती निकेल धातूतून रुग्णात शिरते, शिशातून शिरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ओकी नावाच्या दोन बहिणींवर ते याचे जाहीर प्रयोग करीत. १८३८ च्या ऑगस्टमध्ये वॅकलीने आपल्याच घरी, साक्षीदारांसमक्ष परीक्षा घेतली. निकेल लावले आहे अशी त्या मुलीची समजूत करून दिली आणि लावले मात्र शिसे. तरीही तिला झटके आले. वॅकलीने निष्कर्ष छापून टाकला. त्याच वर्षाअखेर एलियट्सन यांनी रुग्णालयातील पदाचा राजीनामा दिला. स्नेहाखातर सत्य झाकावे, हे वॅकलीच्या स्वभावात नव्हते.

१८३५ साली लंडनमधील फिन्सबरी मतदारसंघातून तो संसदेवर निवडून गेला आणि १८५२ पर्यंत तेथे राहिला. मजुरांची संघटना बांधताना गुप्त शपथ घेतली म्हणून डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना ऑस्ट्रेलियात हद्दपार केले होते. त्यांच्या सुटकेसाठी त्याने संसदेत प्रदीर्घ भाषण केले. १८३६ साली त्यांना माफी मिळाली.

परंतु आम्हांस त्याचे अधिक मोठे कार्य वाटते ते कोरोनर म्हणून केलेले. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी. मुंबईतही ही पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होती, त्यामुळे आपल्यापैकी ज्येष्ठांना हा शब्द परिचित असेल. इंग्लंडमध्ये हे पद बहुधा वकिलांकडे जाई. मृत्यूचे कारण शोधावयाचे तर शरीर जाणणारा माणूसच हवा, असा वॅकलीचा आग्रह. १८३९ साली तो पश्चिम मिडलसेक्सचा कोरोनर झाला. तुरुंगात, अनाथ व निर्धनांच्या कामघरांत, वेड्यांच्या इस्पितळांत मेलेल्यांचीही चौकशी झाली पाहिजे, अशी सक्ती त्याने सुरू केली. त्यामुळे खर्च वाढतो अशी ओरड झाली, पण तो बधला नाही.

१८४६ च्या जून महिन्यात, लंडनजवळ हाउन्स्लो येथील लष्करी छावणीत, फ्रेडरिक जॉन व्हाइट या साध्या शिपायास १५० फटक्यांची शिक्षा झाली. चाबूक नऊ शेपट्यांचा. पुढच्या महिन्यात तो मेला. लष्कराच्या डॉक्टरांनी लिहिले की, मृत्यू अंतर्गत अवयवांच्या दाहाने झाला, फटक्यांशी त्याचा संबंध नाही. कागदपत्रे पुरी झाली, शव पुरावयाचे तेवढे राहिले. वॅकलीने चौकशी लावली आणि इरॅस्मस विल्सन या शल्यविशारदाकडून पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंची बारकाईने तपासणी करविली. फटक्यांमुळेच मृत्यू झाला, असा निर्णय ज्यूरीने दिला. देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी फटक्यांची कमाल संख्या ५० वर आणली गेली आणि १८८१ साली लष्करातील ही शिक्षा कायमची बंद झाली. एका शिपायाच्या मृत्यूच्या दाखल्यावर एका डॉक्टराने ‘हे खरे आहे काय?’ असे विचारले, त्यातून हे घडले. मृत्यूच्या दाखल्यावरील कारणाची ओळ लिहिताना आमच्या तरुण सहकाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा, अशी आमची इच्छा आहे.

त्याच्या उत्तरायुष्यातील एक काम तर आपल्या घराघराशी संबंधित आहे. १८५१ ते १८५४ या काळात ‘द लॅन्सेट’ने डॉ. आर्थर हिल हसाल यांच्याकडून लंडनच्या बाजारातील खाद्यपदार्थ तपासून घेतले. हसाल सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नमुना पाहत. कॉफीत चिकोरी, पावात तुरटी, तिखटात शिशाचा शेंदूर, लोणच्यांत तांब्याचे क्षार, मुलांच्या मिठाईत शिशाचे विषारी रंग. वॅकलीने नुसते निष्कर्ष छापले नाहीत. नमुना कोणत्या दुकानातून घेतला, त्या दुकानदाराचे नाव आणि पत्ताही छापला. ज्यांचा माल शुद्ध निघाला, त्यांचीही नावे दिली. पुढे संसदीय समिती बसली आणि १८६० साली भेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा झाला. तो दुबळा ठरला, म्हणून १८७५ साली अधिक कडक कायदा आला. तोपर्यंत वॅकली हयात नव्हता. वैद्यकीय व्यवसायाची अधिकृत नोंदवही मात्र त्याने डोळ्यांनी पाहिली. १८५८ च्या कायद्याने ती अस्तित्वात आली. १६ मे १८६२ रोजी मदैरा बेटावर, जेथे तो प्रकृतिस्वास्थ्यासाठी गेला होता, तेथे त्याचे निधन झाले.

‘द लॅन्सेट’ आजही निघते. २०२३ साली त्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली. याच पत्राने १९९८ साली गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीचा संबंध मुलांतील स्वमग्नतेशी जोडणारा एक निबंध छापला. तो चुकीचा व अप्रामाणिक होता आणि तो मागे घेण्यास २०१० साल उजाडले. मधल्या बारा वर्षांत कित्येक आईबापांनी आपल्या मुलांना लस देण्याचे टाळले. हे आम्ही मुद्दाम सांगतो. इतरांचा हिशेब मागणाऱ्यालाही आपला हिशेब वेळेवर देणे जड जाते. म्हणूनच तो मागणारा कोणीतरी सतत असावा लागतो.

आता एक गोष्ट स्वतःविषयी. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आम्ही नुकतेच पदवीधर होऊन एका मोठ्या रुग्णालयात उमेदवारी करीत होतो. एका रात्री हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर एक गिरणी कामगार दगावला. रक्तवाहिनीची गाठ सुटली होती आणि ते आमच्या लक्षात यावयास उशीर झाला होता. त्याची पत्नी बाहेर व्हरांड्यात बसली होती, मांडीवर लहान मूल झोपलेले. तिने एवढेच विचारले, ‘डॉक्टरसाहेब, आत काय झालं?’ वरिष्ठांनी आम्हांस आधीच बजावून ठेवले होते. आम्ही म्हणालो, ‘बाई, देवाची इच्छा.’ तिने मान डोलावली, हात जोडले आणि आमचे आभार मानले. त्या आभारांचे ओझे आमच्या मनावरून अद्याप उतरलेले नाही. ती गाठ का सुटली, याची चर्चा त्या विभागात कधीच झाली नाही. पुढे दुसऱ्या कोणाची गाठ तशीच सुटली की काय, हे आम्हांस ठाऊक नाही. आणि ते ठाऊक नसणे, हीच त्यातील सर्वांत वाईट गोष्ट होय.

आपल्या या रुग्णालयात अशा मृत्यूंची आपापसांत चर्चा होते, हे आम्ही समाधानाने सांगतो. परंतु ती चर्चा चार भिंतींत राहते. या वार्षिक अहवालात देणगीचा प्रत्येक रुपया दिसतो. किती शस्त्रक्रिया केल्या तेही दिसते. किती रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, किती जण घरी परतले नाहीत आणि त्यांपैकी कितींच्या बाबतीत आपल्याला अधिक चांगले करता आले असते, हे दिसत नाही. आमची विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे की, पुढील वर्षीच्या अहवालात तेही एक पान असावे. रुग्णांची नावे अर्थातच नकोत, डॉक्टरांचीही नकोत. वॅकलीप्रमाणे नाटक तर मुळीच नको. केवळ आकडे, त्यांची कारणे, आणि वर्षभरात आपण काय बदलले याच्या चार ओळी.

यावर आक्षेप येतील आणि ते पोकळ नाहीत. आमचे काही सहकारी म्हणतील की, असे आकडे छापले तर डॉक्टर अवघड रुग्ण घेण्यास कचरतील. ज्याची आशा कमी, त्याला दुसरीकडे पाठवतील. ही भीती खरी आहे. म्हणून त्या पानावर आलेले रुग्ण किती गंभीर अवस्थेत होते, हेही लिहावे लागेल. इतर सर्वांनी परत पाठविलेल्या रुग्णाला जो डॉक्टर हात लावतो, त्याचा आकडा वाईट दिसेल. पण त्याची छाती मोठी असते, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. दुसरा आक्षेप असा की, देणगीदार बिचकतील. आम्हांस तसे वाटत नाही. आपण देणगीदार मंडळी बहुतेक व्यापारउदीम, शेती, नोकरी केलेली माणसे आहात. ज्या दुकानात कधीच खोट येत नाही असे सांगितले जाते, त्या दुकानाच्या वह्या आपण अधिक बारकाईने पाहता, हा आपला अनुभव असेल.

आणि रुग्णांच्या नातेवाइकांना आमचे सांगणे आहे. आपण येथे येता तेव्हा उपकाराखाली दबून येऊ नका. ‘फुकट उपचार करतात, मग विचारायचे कसे?’ हा संकोच सोडा. पोलार्ड शेतमजूर होता, फुकट उपचार घेत होता. म्हणूनच त्याच्याविषयी कोणी विचारणार नाही, असे गृहीत धरले गेले होते. धर्मादाय याचा अर्थ दयेने दिलेले एवढाच नाही. धर्म म्हणून, कर्तव्य म्हणून दिलेले, असा आहे. कर्तव्याविषयी प्रश्न विचारता येतात. ‘आत काय झालं?’ असे आपण विचारा. उत्तर देणे आमचे काम आहे.

टॉमस गाय याने पैसा दिला आणि दार उघडले. शंभर वर्षांनी टॉमस वॅकली याने त्याच दारातून आत डोकावून पाहिले. रुग्णालयाला दोघांचीही गरज असते. पहिल्याची परंपरा आपण येथे उत्तम रीतीने चालविली आहे, त्याबद्दल आम्ही सर्व देणगीदारांचे मनःपूर्वक ऋणी आहोत. दुसऱ्याची परंपरा सुरू करण्याचे धैर्य आपणां सर्वांस लाभो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.